मागचे दोन शॉकअप

हेझलचं लग्न झालं ते साल एक्क्याण्णव. लग्नाची तारीख बावीस जून, आणि त्याच्या आठ दिवस आधी, शुक्रवारी, म्हाताऱ्या ईनक ब्लूरची गाडी तपासणीत नापास झाली.

गॅरेजवाल्याने गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बॅटरी मारली आणि कागदावर दोन ओळी खरडल्या: मागचे दोन्ही शॉकअप गळतात, आत तेल उरलेलं नाही, गाडी रस्त्यावर आणू नये. ईनकच्या धाकट्या मुलाने, डेझमंडने, तो कागद आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. महिनाभर तो त्या गाडीमागे लागला होता. अकरा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेलं इंजिन त्याने सुरू केलं, टायर बदलले, ब्रेक नवे केले, आणि शेवटी घोडं अडलं ते इथे.

"आजोबा, मी टॅक्सीने जाईन," हेझल म्हणाली. "चॅपल काय, दोन वळणांवर तर आहे. चालत गेले तरी चालेल."

"ब्लूरांची पोर," म्हातारा म्हणाला आणि थांबला. खाणीच्या धुळीने त्याची छाती भरली होती. चार शब्द झाले की त्याला दम घ्यावा लागे. "ब्लूरांची पोर टॅक्सीने गेलेली नाही. तुझी आई ह्याच गाडीतून गेली."

"आणि बघा काय मिळालं मला," बेरिल चहा ओतत म्हणाली. तिचा नवरा हेझल चार वर्षांची असताना निघून गेला होता. तेव्हापासून ती बापाच्या घरी राहत होती.

म्हाताऱ्याने कागद उलटा करून ठेवला.

"बाहेर द्यायचे नाहीत," ईनक म्हणाला. "घरीच उघडायचे. क्लिफला बोलवा."

बेरिलच्या हातातली किटली तशीच राहिली. अकरा वर्षांत थोरल्या भावाचं नाव ह्या टेबलावर म्हाताऱ्याच्या तोंडून आलं नव्हतं. डेझमंडने मान वर केली. "त्याचं काय काम? मी करतो ना."

"तेल अडवणारी सील त्याच्या बसडेपोत मिळतील. हात ओढून काढायचा पुलर त्याच्याकडे आहे. आणि दोन माणसं लागतात. एक शॉकअपचा हात हलवायला, एक तेल ओतायला." म्हाताऱ्याने श्वास घेतला. "माझे हात आता कामाचे नाहीत."

ते खरंच होतं. पण बेरिलला वाटलं, ह्याने हे कारण आधीपासून तयार ठेवलंय.

गोष्ट अशी होती. ऐंशी सालच्या जूनमध्ये, चॅपलच्या वार्षिक सणाच्या रविवारी, क्लिफर्ड आईला, एडनाला, घेऊन ह्याच गाडीतून परत येत होता. दगडी पुलाअलीकडच्या वळणावर गाडीचं मागचं अंग डुललं, सावरलं नाही, आणि गाडी भिंतीवर गेली. क्लिफच्या कपाळाला खोक पडली. एडनाचं खुब्याचं हाड मोडलं. ती सहा आठवडे अंथरुणावर होती आणि एकोणतीस जुलैला गेली. क्लिफ सांगत होता की गाडी ताशी तीस मैलांच्या वर नव्हती. पण तो बस चालवणारा, रोजची वेळ गाठायची सवय, आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं की ॲक्सिलरेटरवर त्याचा पाय जड आहे.

ब्रिंडली बँकच्या चॅपलात एक रीत होती. शेवटच्या भजनाआधी उपदेशक विचारायचा, कोणाला काही सांगायचंय का. ज्याला सांगायचं असेल तो आपल्या बाकावर उभा राहायचा. माणसं तिथे दारू सोडल्याचं सांगत, आजारातून उठल्याचं सांगत. तिथे बोललेलं गाव विसरत नसे. एडनाला मातीत ठेवलं त्यानंतरच्या रविवारी ईनक तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बायको माझ्या मुलाच्या घाईने गेली. देवाने त्याला माफ करावं. मला जमणार नाही."

क्लिफ दुसऱ्या बाकावर बसला होता. तो उठला, बायकोला, नोरीनला, घेऊन बाहेर पडला, आणि तेव्हापासून ह्या घराची पायरी चढला नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर तो आला. मागच्या फाटकाने आला, पुढच्या दाराने नाही. अंगात डेपोची निळी पँट, हातात कॅनव्हासची पिशवी, केस पार पांढरे झालेले. बेरिल त्याला महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात भेटायची. पण इथे, आईच्या कपडे धुवायच्या खोलीच्या दारात त्याला उभा पाहून तिला तो कोणी पाव्हणा वाटला.

"वाट सापडली का?" डेझमंड म्हणाला.

"वाट जागेवरच होती," क्लिफ म्हणाला. "शॉकअप कुठेत?"

"काढून ठेवलेत. बाकावर."

"ओटकेक भाजू का?" बेरिलने मध्येच विचारलं. "चीज आहे, बेकन आहे."

"खाऊन आलोय."

"नोरीन अजून खायला घालते तर."

"घालते," क्लिफ म्हणाला. "पण मोजून. माझी ढेरी बसच्या चाकाला लागते म्हणते." आणि तो पहिल्यांदा थोडासा हसला. मग खुर्चीत बसलेल्या बापाकडे बघून हसू पुसलं. "काय, बाबा."

"आलास," ईनक म्हणाला.

तेवढंच. अकरा वर्षांचं बोलणं दोन शब्दांत उरकलं.

म्हाताऱ्याची खुर्ची दाराशी मांडली होती, गुडघ्यावर घोंगडी, जूनचा उन्हाळा असूनही. जुन्या गाड्यांचे शॉकअप म्हणजे हल्लीसारख्या नळ्या नव्हेत. विटेएवढा ओतीव लोखंडाचा ठोकळा, तो गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला, आणि त्यातून बाहेर आलेल्या दांड्यावर बसवलेला एक वाकडा हात. चाक खड्ड्यात गेलं की हात वरखाली होतो, आत तेल दाबलं जातं, आणि ते तेल गाडीला डुलू देत नाही. तेल गेलं की ठोकळा नुसताच ठोकळा. डेझमंडने दोन्ही ठोकळे रॉकेलने पुसून बाकावर शेजारी शेजारी ठेवले होते.

"आधी खुणा करा," ईनक म्हणाला. "हात आणि दांडा. दोन्हीवर एक रेघ. नाहीतर परत बसवताना..."

"माहितेय, बाबा," दोघं भाऊ एकदमच म्हणाले आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पहिला ठोकळा डेझमंडने व्हाईसमध्ये धरला. झाकणाचे स्क्रू गंजले होते, कुरकुरत सुटले. त्याने झाकण उचललं आणि आत डोकावला. बेरिल हातात चिंध्या घेऊन त्याच्या खांद्यामागे उभी होती, म्हणून तिला त्याची मान दिसली. मान एकदम ताठ झाली. त्याने ठोकळा नाकाशी नेला. मग चटकन व्हाईस सैल केला, ठोकळा बादलीवर उपडा केला, आत होतं ते झटकलं, आणि बादली उचलून अंगणातल्या मोरीकडे गेला.

"काय होतं?" क्लिफने विचारलं.

"चिखल," डेझमंड दारातून म्हणाला. "गंज."

"बघू दिलं असतंस."

"चिखलात काय बघायचं?"

डेझमंड खाणीत फिटर होता, बापासारखाच. चिखलाला नाक लावणारा माणूस नव्हता तो. बेरिलने बापाकडे पाहिलं. म्हातारा डेझमंडच्या हातातल्या बादलीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

दुसऱ्या ठोकळ्याला क्लिफने हात घातला. डेझमंड मोरीपाशीच होता. झाकण निघालं. आत तळाला तपकिरी राड होती आणि तिच्यावर पांढरी साय. नासलेल्या दुधावर येते तशी. कुबट, साबणासारखा वास खोलीभर पसरला.

"पाणी शिरलंय," क्लिफ म्हणाला. "पण साय कसली ही? दांडा बघ, बेरिल, कसा खाल्लाय. ह्याच्यावर नवीन सील घातलं तरी गळणारच. आधी घासून गुळगुळीत करावा लागेल." त्याने बोट बुडवून चोळलं. "शेडचं छत गळतं काय?"

"गळतं," डेझमंड दारातून म्हणाला. "खूप गळतं."

छत गळत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी डेझमंडनेच नवे पत्रे घातले होते, आणि शिडी बेरिलने धरली होती.

त्या वासाने बेरिलला ऐंशी सालच्या मे महिन्यातली एक संध्याकाळ आठवली. बाप नुकताच निवृत्त झाला होता. खाणवाल्यांची खोड असते, खाणीतलं जे काही ते बाहेरच्यापेक्षा चांगलंच. घरात साबण खाणीतला, फडकी खाणीतली, कुंपणाची लाकडं खाणीतली. निरोपाच्या दिवशी त्याने एक डबा आणला होता. गाडीखाली पाठीवर पडून, शॉकअपचं बूच काढून तो ते ओतत होता आणि बेरिल नरसाळं धरून बसली होती. ओतलेलं पांढरं होतं. ती म्हणाली, दूध पाजताय का गाडीला. तो म्हणाला, "ह्याच्यावर शंभर माणसांच्या डोक्यावरचं छप्पर पेलतं, पोरी. एक गाडी पेलणार नाही?"

ती अंगणात गेली. डेझमंड नळाखाली बादली विसळत होता.

"काय होतं ते, डेझ?"

"सांगितलं ना."

"मला नको सांगूस चिखल. नरसाळं मी धरलं होतं."

त्याने नळ बंद केला. "हळू बोल." मग बादली खाली ठेवली. "खाली छताला जे लोखंडी टेकू लावतात ना, त्यात भरायचं ते. आग लागू नये म्हणून शंभरात पंच्याण्णव भाग पाणी. तेल नावाला. टेकूला ते चालतं, तिथे मागे मोठा पंप असतो. शॉकअपमध्ये म्हणजे..." त्याने हात पसरले. "मागची दोन्ही चाकं मोकळीच. वळणावर गाडी बोटीसारखी डुलणार. क्लिफ असो की कोणी असो."

"महिनाभरानेच आई..."

"मोजता येतं मला."

"त्याला सांगायला हवं."

"का?" डेझमंड वळला. "बाबांकडे बघ. नाताळ बघतील का ते? क्लिफने अकरा वर्षं काढली, अजून सहा महिने काढील. मग सांग हवं तर. म्हाताऱ्याला शेवटी हे दाखवायचं, की तुझ्या हाताने बायको मेली?"

"आणि क्लिफला रोज दाखवलं ते?"

"तो तरुण होता. त्याला सोसलं."

"तो चाळिशीचा होता, डेझ. त्याच्या घरी जाऊन बघ काय सोसलंय ते. नोरीन सांगते, अजून त्या पुलावरून बस न्यायला नको म्हणून तो पहाटेची पाळी मागून घेतो, ती बस तिकडून जात नाही."

"तू बोललीस," डेझमंड म्हणाला, "तर माझं तुझं संपलं. ह्या घरात बाबांचं मी बघतो."

"आणि त्यांच्या ओकाऱ्या कोण पुसतं?"

त्याने पुन्हा नळ सोडला. ती आत आली.

क्लिफने दोन्ही दांडे पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले होते, सील बसवली होती, आणि एक हात खुणेवर खूण जुळवून ठोकून बसवला होता. आता तो हात वरखाली करत होता आणि बाप खुर्ची पुढे ओढून छोट्या चोचीच्या जगमधून नवं तेल ओतत होता. धार वेडीवाकडी पडत होती, पण तो ओतत होता.

"हळू," ईनक म्हणाला. "बुडबुडे येऊ देत."

"येतायत."

"वर जाताना सैल लागतंय?"

"थोडं."

"मग अजून हवा आहे."

थोडा वेळ नुसता हाताचा चिक-चिक आवाज. मग क्लिफ मान वर न करता म्हणाला, "मी तीसनेच चालवत होतो, बाबा. त्या दिवशी. हे एकदा सांगायचं होतं म्हणून आलो. शॉकअपसाठी आलो नाही."

म्हाताऱ्याच्या हातातला जग थांबला. बेरिलला वाटलं, आता बोलेल. तिने मनात दहापर्यंत अंक मोजले. त्याने जग पुन्हा तिरका केला आणि तेल ओतू लागला.

मग बेरिलच बोलली. सरळ, एका दमात, नरसाळ्यापासून पंच्याण्णव भागांपर्यंत. बोलताना ती क्लिफकडे बघत नव्हती, बापाकडेही नाही, बाकावरच्या उघड्या ठोकळ्याकडे बघत होती. डेझमंड दारात येऊन उभा होता. त्याने तिला अडवलं नाही.

क्लिफचा हात थांबला नव्हता. वर, खाली. वर, खाली. "हे तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"आत्ता. अर्ध्या तासापूर्वी."

"आणि ह्यांना?"

म्हाताऱ्याने जग बाकावर ठेवला आणि दोन्ही हात घोंगडीखाली घेतले.

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला.

"कुठल्या ऑगस्टमध्ये?" डेझमंडने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"त्याच. ऐंशीच्या." श्वास. "भिंतीला लागलेला मडगार्ड सरळ करत होतो. सहज बूच उघडलं. वास आला." श्वास. "परत लावून टाकलं."

"चॅपलमध्ये उभे राहिलात त्याच्या आधी की नंतर?" क्लिफने विचारलं.

"नंतर. दोन आठवड्यांनी. बोलून बसलो होतो."

"दोन आठवडे," क्लिफ म्हणाला. "तिसऱ्या आठवड्यात परत उभं राहता आलं असतं."

"रोज म्हणायचो, उद्या. मग वर्ष झालं. मग सांगायची वेळच गेली." तो खोकला, बराच वेळ खोकला. बेरिल पुढे झाली तर त्याने हाताने तिला थोपवलं. "म्हणून तुला बोलावलं. म्हटलं झाकण उघडेल. माझ्या तोंडाने नाही होत तर लोखंड सांगेल. तर ह्याने," त्याने डेझमंडकडे पाहिलं, "ह्याने ओतून दिलं. आणि मी ते बघत बसलो."

डेझमंड दाराच्या चौकटीला टेकला. आपण कोणाला वाचवायला निघालो होतो, हे त्याला तेव्हा कळलं असावं. त्याचा चेहरा कोणीतरी तोंडावर पाणी मारावं तसा झाला होता.

क्लिफने हात दोनदा वरखाली केला. "दोन्हीकडे सारखा जोर लागतोय," तो म्हणाला. "हा झाला. आता दुसरा." आणि त्याने खरंच दुसरा ठोकळा व्हाईसमध्ये धरला. "डेझ, तेल ओत."

डेझमंडने ओतलं. तासभर दोघं भाऊ काम करत होते आणि 'थांब', 'ओत', 'बास' ह्यापलीकडे खोलीत शब्द नव्हता. मग ठोकळे उभेच धरून, आडवे न होऊ देता, दोघांनी गाडीखाली नेले आणि बोल्ट आवळले. क्लिफने मागचा बंपर खाली दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली, डुलली नाही.

"शनिवारी तू चालव," ईनक दारातून म्हणाला. "हेझलला तू ने."

"डेझ नेईल," क्लिफ हात पुसत म्हणाला. "लग्नाला मी येईन, हेझलने काही केलेलं नाही. ह्या गाडीत बसणार नाही." त्याने पिशवी भरली. एकेक पाना फडक्याने पुसून जागेवर ठेवला. मग बापासमोर उभा राहिला. "तुम्ही मला ह्या खोलीत दोषी ठरवलं नव्हतं. चॅपलमध्ये ठरवलंत, दोनशे माणसांपुढे. इथे सांगितलेलं मला नको."

"माझ्याच्याने उभं राहवत नाही, क्लिफ."

"बसून सांगा."

"तिथे बसून कोणी..." म्हाताऱ्याने वाक्य सोडून दिलं. "आज नाही जमायचं. लग्नानंतरच्या रविवारी."

"मी शेवटच्या बाकावर असेन," क्लिफ म्हणाला आणि मागच्या फाटकाने गेला. बेरिल त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. तिला वाटलं तो काही बोलेल, निदान तिच्याशी. "नरसाळं तू धरलं होतंस," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं. ते ऐकून ती पुढे गेली नाही.

लग्न झालं. सोमवारी पुन्हा तपासणीला नेलेली गाडी पास झाली होती. डेझमंडने हेझलला आणलं, पुलाजवळच्या वळणावरून गाडी सरळ आली. लोक म्हणाले काय सुंदर ठेवलीय. म्हातारा पुढे बसला होता, मांडीवर हात ठेवून, आणि त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, तेवीस जूनला, शेवटच्या भजनाआधी उपदेशकाने विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. ईनक ब्लूर पुढच्या बाकाला धरून उठला. गावाला वाटलं, नातीच्या लग्नाचे आभार मानणार.

"एडना," तो म्हणाला. मग श्वास. "माझा मुलगा क्लिफर्ड." मग श्वास, आणि श्वास आलाच नाही. त्याची बोटं बाकावर पांढरी पडली होती. ओठ निळे. तो उभा होता आणि छाती वरखाली होत होती, आणि तिच्यातून काही बाहेर पडत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. उपदेशक म्हणाला, "बसा, ईनक, देवाला कळलं." आणि भजनाचा आकडा सांगायला त्याने पुस्तक उघडलं.

बेरिल उठू लागली. तिच्या शेजारचा डेझमंड तिच्याआधी उठला. त्याने दोन्ही हात पुढच्या बाकावर ठेवले, बापाच्या हातांच्या बाजूला, आणि म्हणाला, "थांबा. ह्यांचं सांगून झालेलं नाही." मग त्याने सांगितलं. मागच्या दोन्ही शॉकअपमध्ये काय होतं ते, कोणी घातलं ते, कोणाला कधी कळलं ते. मागच्या रविवारी मोरीत कोणी ओतलं, तेही. सोप्या शब्दांत, खाणीतल्या माणसांना लगेच कळेल अशा. सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला. म्हातारा शेजारी उभाच होता, आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता.

संपल्यावर कोणी आमेन म्हणालं नाही. खाणीतले जुने लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्या डब्यातलं कधी ना कधी घरी नेलं होतं.

बेरिलने मागे वळून पाहिलं. क्लिफ शेवटच्या बाकावर होता, नोरीन त्याच्या बाजूला. त्याने एकदा मान डोलावली, जशी बसमधून उतरणाऱ्या माणसाला डोलावतो. मग घड्याळ पाहिलं, टोपी घेतली आणि बाहेर गेला. रविवारी पहाटे बस नसते; दोन वाजताची पाळी होती त्याची. नोरीन भजन होईपर्यंत थांबली.

उन्हाळ्यात तो बापाला बघायला दोनदा आला. दोन्ही वेळा उभ्या उभ्या. दुसऱ्या वेळी म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि त्याने तो धरू दिला, एवढंच बेरिलने पाहिलं. त्यापुढे काय बोलले ते तिला ठाऊक नाही, कारण ती बाहेर गेली होती.

एडना ब्लूर एकोणतीस जुलै एकोणीसशे ऐंशी रोजी वारली, वय त्रेसष्ट. ईनक ब्लूर चार ऑक्टोबर एकोणीसशे एक्क्याण्णव रोजी, शुक्रवारी, सकाळी सव्वानऊला वारला, वय शहात्तर. बेरिल आणि डेझमंड जवळ होते. क्लिफर्ड बस चालवत होता.